क्लब राहू द्या, आधी पंधरा मुलांमागे एक माणूस द्या

नाशिकच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय गाजतोय. शाळेत अमेरिकेतल्यासारखे क्लब काढायचे. रोबोटिक्स, फोटोग्राफी, वादविवाद, पर्यावरण, झालंच तर उद्योजकता. गंगापूर रोडकडच्या नव्या इंग्रजी शाळांच्या जाहिरातीत क्लबांची ही लांबलचक यादी असते, मग आपली मराठी शाळा मागे का, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, आधी दहावीचा निकाल सांभाळा, ही थेरं नंतर. दोन्ही गटांचं एकमत फक्त एका मुद्द्यावर आहे: पैसे परदेशातल्यांनी द्यायचे.

मी ओहायोत राहते आणि माझी मुलगी इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. त्यामुळे डॉलर आणि मत दोन्हीची मागणी माझ्याकडे आली. डॉलर देईन. क्लबांसाठी मात्र देणार नाही.

मुळात हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना, स्काऊट-गाईड, आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षा पथक हे सगळं आमच्या वेळी होतंच. मंडळाचा अध्यक्ष कोण हे बाईच ठरवायच्या, उद्घाटनाला नारळ फुटायचा, आणि मग थेट स्नेहसंमेलनाच्या अहवालात त्याचं नाव वाचायला मिळायचं. पोरांनी आपणहून काही उभं करण्याची नाशिकची परंपरा तर त्याहून जुनी आहे. १९०० च्या सुमारास तिळभांडेश्वर गल्लीत मित्रमेळा भरायचा तेव्हा सावरकर हायस्कुलात शिकत होते. त्यांनी कोणत्या मुख्याध्यापकांकडे परवानगीचा अर्ज केला होता, हे ग्रुपवरच्या ‘शाळेत राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनी जरा शोधून सांगावं.

इथल्या क्लबांचं मला खरंच कौतुक आहे, ते मुलांच्या हातात पैसा आणि निर्णय असतो म्हणून. आमच्याकडे चार मुलं एकत्र येतात, एका शिक्षकाची सही मिळवतात, स्वतःची नियमावली लिहितात. केक विकून जमलेले पैसे शाळेच्या खात्यात जातात, त्याचा हिशेब पंधरा वर्षांची खजिनदार ठेवते आणि बैठकीचं इतिवृत्त तिचाच मित्र लिहितो. शिक्षक मागे बसून पेपर तपासतो. अमेरिकेत १९८४ चा एक केंद्रीय कायदा आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या सरकारी हायस्कूलने अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब चालू दिला, तर दुसऱ्याला त्याच्या धार्मिक किंवा राजकीय मतांमुळे नाही म्हणता येत नाही. मुख्याध्यापकांना न आवडणारे क्लबही त्यामुळे तग धरतात. आपल्याकडे कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहर पेटलं होतं तेव्हा एखाद्या शाळेच्या हरित सेनेने महापालिकेला चार ओळींचं पत्र पाठवलं असतं, तर संस्थेच्या विश्वस्तांनी काय केलं असतं, याची कल्पना करून बघा.

पण याची दुसरी बाजू ग्रुपवर कुणाला ऐकायची नाही. कॉलेजच्या प्रवेशासाठी देशभर वापरला जाणारा एक सामाईक अर्ज आहे, त्यात अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी भरायला जागा असते. त्या दहा जागांनी क्लबांची वाट लावली आहे. प्रत्येकाला अध्यक्ष नाहीतर संस्थापक व्हायचंय. अकरावीत क्लब निघतो, बारावीत अर्ज गेला की मरतो. या शर्यतीत आपले देशी आईबाप सगळ्यात पुढे, हे सांगायला नकोच. शिवाय क्लब भरतात शाळा सुटल्यावर. ज्याला न्यायला गाडी येते तो थांबतो. ज्याला धाकट्या भावाला सांभाळायचंय किंवा दुकानात काम करायचंय, तो बसमध्ये बसून घरी जातो. नाशकात याच जागी गिरणारे-पेठकडून येणारी मुलं असतील. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडीची वेळ त्यांच्या हातात नाही. क्लबांचा लाभ घेणार कोण, तर कॉलेज रोडच्या क्लासपर्यंत आईच्या स्कूटरवरून जाणारी मुलं.

मला नाशकात न्यावीशी वाटते ती वेगळीच, दिसायला अगदी फिकी गोष्ट. तिला इथे ॲडव्हायजरी म्हणतात. सगळ्याच शाळांत नसते, आमच्या शाळेत आहे. नववीत आल्यावर पंधरा मुलं एका मोठ्या माणसाच्या हवाली होतात आणि बारावी होईपर्यंत तोच माणूस त्यांचा. शाळेच्या वेळातच, आठवड्यातून दोनदा अर्धा तास. त्यामुळे बसवाला मुलगाही तिथे असतो आणि गाडीवालाही. माझ्या मुलीच्या वाट्याला सुतारकामाचे शिक्षक आले आहेत. तिने आयुष्यात लाकडाला हात लावलेला नाही, आणि मार्क देणारा हा नव्हे म्हणूनच तिला तो बरा वाटतो. बहुतेक वेळा तिथे काहीही घडत नाही. गप्पा, हजेरी, फॉर्मवर सह्या, कुणाच्या तरी वाढदिवसाचे डोनट. पण तिच्या गटातला एक मुलगा पहिल्या तासाला रोज झोपायचा. गणिताच्या शिक्षिकेने ते आळशीपणात जमा केलं होतं. या गृहस्थांनी सहज विचारलं तर कळलं की तो रात्री उशिरापर्यंत हॉटेलात भांडी घासतो. त्याचा गणिताचा तास दुपारी हलवला. बस, एवढंच.

आपल्याकडे याची सोय कागदावर वेगळ्या नावांनी आहे. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांचा आदेश २०२२ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर सरकारने तक्रार पेट्या आणि सीसीटीव्हीवर जोर दिला. पेटी असावीच. पण तिच्यात चिठ्ठी टाकायची तर जे होतंय ती तक्रार आहे, हे मुलाला आधी कळावं लागतं. पुष्कळदा त्याला फक्त शाळेत यावंसं वाटत नसतं.

ग्रुपवर एका मैत्रिणीने रास्त शंका काढली. नाशिकमध्ये सरांना काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते घरी पोचतं, मुलं बोलतील कशाला? खरं आहे. इथला शिक्षक माझ्या नवऱ्याला भाजीबाजारात भेटत नाही. म्हणून नियम आधी सांगायला हवा: मुलाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तरच गोष्ट पुढे जाईल, एरवी नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर कळवणं पॉक्सो कायद्याने २०१२ पासून बंधनकारकच आहे, अगदी इथल्यासारखं. पण याच ओळखीपाळखीचा फायदा मोठा आहे. आठ दिवस मुलगी आली नाही तर आमच्या बाई पंचवटीत घरी येऊन ओट्यावर बसायच्या. इथल्या शिक्षकाला घरी यायचं तर आधी ईमेल, मग वेळ ठरवणं, आणि बहुधा यायचंच नाही.

अडचण आहे ती माणसांची. साठ मुलांची तुकडी, दोन पाळ्यांची शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामं मान्य केली आहेत. ऑनलाइन माहिती भरणं मात्र वर्षभर चालूच असतं, आज हा तक्ता, उद्या तो. इथे क्लब सांभाळणाऱ्या शिक्षकाला बऱ्याच ठिकाणी करारानुसार वेगळा मोबदला मिळतो आणि ॲडव्हायजरी वेळापत्रकात धरलेली असते. आपण बाईंना म्हणणार, जरा मुलांशी बोला हो, आणि तेही माहिती भरून झाल्यावर.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की माझे पैसे रोबोटिक्सच्या किटला नाहीत, एका संगणक चालकाच्या पगाराला घ्या. तक्ते तो भरेल. नववीची एकच तुकडी घ्या. साठ मुलं, चार माणसं: ग्रंथपाल, पीटीचे सर, चित्रकलेच्या बाई आणि ज्यांना हौस आहे असे कुणीही एक. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, मार्कांवरून नको. आठवड्याला एक तास, आणि दहावीतही तीच माणसं. सहावीपासूनचे आमचे वर्गमित्र असलेल्या खजिनदारांनी लगेच विचारलं की पगारावर देणगीदाराच्या नावाची पाटी कुठे लावायची. लावू नका, म्हटलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. किटसाठी मात्र तिघांनी पैसे पाठवलेही.