लोकसंख्या म्हणून जगायची पूर्वतयारी

अभिनंदन! तुम्ही आता नुसते माणूस राहिलेला नाहीत, लाभांश झाला आहात. राज्याच्या भवितव्यावरच्या कुठल्याही सादरीकरणात 'लोकसंख्येचा लाभांश' असं लिहिलेलं असतं, म्हणजे कमावत्या वयाची माणसं जास्त असल्याचा फायदा, ते आपल्यालाच उद्देशून. आजवर लाभांश म्हणजे पतपेढीच्या वार्षिक सभेनंतर खात्यात पडणारे साडेसातशे रुपये आणि सोबत स्टीलचा डबा, एवढीच आपली समज. आता तो डबा आपणच.

राज्याला एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था व्हायचं आहे. एकावर बारा शून्यं. नीती आयोगाने मुंबई महानगर प्रदेशाला २०३० पर्यंत १४० अब्ज डॉलरवरून ३०० अब्जांवर जायला सांगितलंय, आणि तिथून पुढे 'विकसित भारता'चं २०४७ काय, हाकेच्या अंतरावर. आराखडे तयार आहेत. अडचण एवढीच की आराखड्यात बसतील अशी माणसं तयार नाहीत. माणसाला तहान लागते, त्याला सकाळी वेळेवर कामावर पोचायचं असतं, कधीकधी तर तो म्हाताराही होतो. अशानं आपण स्पर्धेत टिकणार कसे? मी राहतो कोलशेतला आणि नोकरी करतो ऐरोलीत. म्हणजे रोज सकाळी ठाण्याच्या भविष्यातून निघून नवी मुंबईच्या भविष्यात जातो आणि रात्री पाय ओढत परत येतो. तेवढ्या अधिकाराने चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

सगळ्यात आधी, मोजून घ्यायची घाई करू नका. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहरात १८ लाख ४१ हजार आणि नवी मुंबईत ११ लाख २० हजार माणसं निघाली. अखंड ठाणे जिल्हा तर १ कोटी १० लाखांवर जाऊन देशात पहिला आला. दहावीत कधी वर्गातसुद्धा पहिला न आलेल्या माझ्यासारख्याला केवढं भूषण! पण २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर वेगळा काढला आणि नंबर गेला. लोकसंख्या इतक्या झटपट आणि इतक्या स्वस्तात जगात कुणी आटोक्यात आणली नसेल. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची, ती आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होणार. तोवर हिशेबात आपण सगळे २०११ मध्येच. आमचा टॉवर उभा आहे तिथे २०११ मध्ये बंद पडलेला कारखाना होता, एक रिकामी शेड आणि दोन कुत्री. म्हणजे सरकारी हिशेबाने आमच्या अठ्ठावीस मजल्यांवर आजही ती दोन कुत्रीच राहतात. नळाला येतं तेवढं पाणी त्यांना पुरायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न जन्माला घालण्याचा. इथे जरा जपून. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. नंतर सरकारच लाल त्रिकोण घेऊन दारोदार फिरलं. पुढे नियम आला की तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहता येणार नाही, आणि २००५ पासून राज्याच्या नोकरीत शिरताना छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. आपण गुणी माणसं, ऐकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ वर आला. लोकसंख्या आहे तेवढी राखायलाही २.१ लागतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने हा दर बरोब्बर पाळलाय: एक मूल आणि ०.७ इतका गृहकर्जाचा हप्ता. आता आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू उघडपणे म्हणायला लागलेत की मुलं जास्त होऊ द्या. तेव्हा जुने लाल त्रिकोण फेकू नका, पण दर्शनी भिंतीवरही लावू नका. कधी कुठली बाजू वर येईल सांगता येत नाही.

आता राहायचं कुठे. ही आपली खरी हातखंडा बाब, म्हणून इथे थोडा थांबतो. मुंबई भरली म्हणून १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी सुचवलं की खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा. १९७० च्या मार्चमध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांची जमीन, ३४४ चौरस किलोमीटर, वीस लाख माणसांची सोय. कल्पना अशी की सरकारी कचेऱ्या पलीकडे न्यायच्या, म्हणजे त्यांच्यामागे बाकीचे येतील. प्रत्यक्षात त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांसाठी टॉवर उठत होते. मंत्रालय जागचं हललं नाही. नव्या शहरात आले ते कांदे-बटाटे. घाऊक बाजार वाशीला हलला आणि आजही पहाटे तीन वाजता तिथे जी गर्दी असते, ती पाहिली की पटतं: राज्यात दूरदृष्टी कुणाला होती, तर कांद्याला.

ज्यांची जमीन गेली त्यांनी मात्र नियोजनात फार व्यत्यय आणला. भाव मागितला. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई-दास्तान फाट्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. (या परिच्छेदात काही गमतीदार लिहायचं म्हणून मी दोनदा पेन उचललं. राहू दे.)

तर दुसरी मुंबई अशी झाली, म्हणून आता तिसरी. मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं मिळून ३२३ चौरस किलोमीटरचं नवं नगर जाहीर झालं. आपल्या घरातही हेच असतं बघा. कपाट आवरायचं नसलं की माळा करायचा, माळा भरला की गॅलरी बंद करायची. तुमचा नातू चौथ्या मुंबईत राहायला जाईल. कर्जत, कसारा, जिथे कुठे ती येईल तिथे आत्ताच टोकन भरून ठेवा. विक्री प्रतिनिधी सांगेल, 'सर, स्टेशन पाच मिनिटांवर.' स्टेशन कधी, हे विचारू नये. हलकटपणा दिसतो.

तसं स्टेशन असतंही. ठाणे-ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन तयार झालं तेव्हा मी रोज गाडीतून बघत होतो. नवंकोरं, फलाटावर एक चुरमुऱ्याचा दाणा नाही. पिवळ्या पाटीवर नाव ठळक रंगवलेलं. आमची गाडी त्याच्या समोरून निघून जायची आणि डब्यातले दिघ्याचे लोक मान वळवून आपल्या घराकडे बघत पुढच्या स्टेशनला उतरायचे. असे महिने गेले. अखेर १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूच्याच मुहूर्तावर, त्याचंही उद्घाटन झालं. लग्नाचा मुहूर्त काढून ठेवलेल्या घरात मुंजही उरकून घेतात, तसं. म्हणून सांगतो, एखादी सोय बांधून झाली की लगेच वापरायला धावू नका. सोय पिकू द्यावी लागते. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला निघालं, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये, लांबी अकरा किलोमीटर. नवी मुंबईच्या विमानतळाला २००७ मध्ये मंजुरी मिळाली, उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं बाळ आता मतदार म्हणून त्या विमानात बसू शकतं. घोडबंदर रोडला मेट्रोचे पत्रे लागले २०१८ ला. माझी मुलगी आकडे शिकली ती रिक्षातून खांबांवरचे नंबर वाचत. आता ती सातवीत आहे आणि त्याच खांबांवर वेळ-काम-वेगाची गणितं सोडवते. उत्तर येत नाही.

स्पर्धात्मकतेचं म्हणाल तर आपल्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. ठाणे स्टेशनात दहा नंबरवर पनवेल गाडी लागताना उभे राहून बघा. गाडी थांबायच्या आत डबा भरतो, तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, अर्धा आत, अर्धा वाटेत, आणि त्या अर्ध्यावर बसून फोनवर परदेशातल्या साहेबाला सांगतो, 'येस, वी आर फुली ऑन ट्रॅक.' जगात कुठल्या शहराकडे चौथी सीट आहे? सादरीकरणवाल्यांनी ही गोष्ट घातली पाहिजे.

रोजगाराचं मात्र बदललंय. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिने पहिली वसाहत वसवली ती ठाण्यात, वागळे इस्टेटला. तेव्हा ठाण्यात माणसं भोंग्यावर उठायची. माझे वडीलही आमच्याच टॉवरच्या जागी असलेल्या त्या कारखान्यात लेथवर होते, छत्तीस वर्षं. शेड होती तिथे आता क्लब हाउस आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि रस्त्याला फुटपाथ नाही, म्हणून ते सकाळी क्लब हाउसमध्ये ट्रेडमिलवर चालतात. परवा उतरून, रुमालाने मशिनची पट्टी पुसत म्हणाले, 'जागा तीच आहे. यंत्र पण फिरतंय. माल मात्र काही निघत नाही.' मी त्यांना समजावलं की, बाबा, ही सेवाक्षेत्राधारित अर्थव्यवस्था आहे. ते म्हणाले, 'असेल. तेल घाला तिला जरा.'

म्हातारं होण्याबद्दल त्यामुळे वेगळं सांगत नाही. होऊ नका. १.७ च्या दराने पुढे म्हातारेच जास्त उरणार आहेत, आणि लाभांशाला वय झालेलं शोभत नाही.

राहता राहिलं पाणी. भातसा, तानसा, मोडकसागर, सगळी धरणं आपल्या जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जातं, आणि धरणाच्या उशाशी झोपणारी गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. नवी मुंबईने २००२ मध्ये सरळ मोरबे धरणच विकत घेतलं. शेजारणीने फ्रिज घेतला तसं ठाण्याने ते बघितलं. आपल्या शहराकडे तलाव भरपूर, धरण एकही नाही. शाई धरणाचं नाव लहानपणापासून ऐकतोय, पण त्याची शाई अजून कागदावरच आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला जुनी माणसं हसायची. आपण तहान लागल्यावर निविदा काढतो, आणि तोवर विहिरीच्या जागेवर टॉवर बुक होतो.

मोजणीची चाहूल लागल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तयारी सुरू आहे. जनगणनेच्या घरयादीत पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत विचारतात. २०११ च्या यादीत नळ होता, विहीर होती, हातपंप, कूपनलिका, नदी, तलाव, अगदी झरासुद्धा होता. टँकरला वेगळी खूण नव्हती. चौदाव्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, 'मग आपण काय सांगायचं?' सेक्रेटरींनी सविस्तर खुलासा टाकला: टँकरचं पाणी आधी खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि तिथून आपल्या घरात येतं ते नळानेच. तेव्हा सर्व सभासदांनी एकमताने 'नळ' सांगावं, कुणी 'इतर' सांगितल्यास फ्लॅटचे भाव पडतील.

खाली अंगठ्यांची रांग लागली. काकांनीही अंगठा दिला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'ठीक. आजचा टँकर किती वाजता?'