‘उंच’ या एका शब्दासाठी चार इंग्रजी शब्द का आले, याविषयी खुलासा

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय आम्ही दोनदा वाचला. वेरूळच्या वाटेवरील आपल्या वाड्यात आपण पर्यटकांसाठी निवासाची सोय केली आहे आणि तिच्या माहितीपत्रकाचे इंग्रजी भाषांतर आमच्या केंद्राने करून दिले. मूळ मराठीत सगळीकडे ‘उंच’ हा एकच शब्द असताना इंग्रजीत दर ओळीला वेगळा शब्द आला, त्यामुळे मजकुरात सारखेपणा राहिला नाही, दीड पानाला तीन दिवस लागले, आणि खिडक्यांचे वाक्य वाचून आलेल्या परदेशी पाहुण्यांनी ‘त्या खिडक्या आहेत कुठे?’ असे आपल्यालाच विचारले, अशी आपली तक्रार आहे. मोबाईलवर हे काम फुकटात झाले असते, असेही आपण लिहिले आहे.

खिडक्यांच्या बाबतीत चूक सर्वस्वी आमची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपण ‘उंच खिडक्या’ असे लिहिले होते. आम्ही ‘हाय विंडोज’ केले. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ भिंतीत वर, छताजवळ बसवलेल्या खिडक्या असा लागतो. खिडकी स्वतःच उभी आणि लांबट असेल तर ‘टॉल’ म्हणावे लागते. आमच्या भाषांतरकाराचे बालपण धाब्याच्या घरात गेले. त्या घरात उजेड येतो तो छताजवळच्या झरोक्यातून, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे तेच उभे राहिले आणि आम्ही आपल्याकडे छायाचित्र मागितले नाही. आता आपण पाठवलेले छायाचित्र पाहिले. जमिनीपासून जेमतेम वीतभर अंतरावर चौकट सुरू होते, लाकडी गज सरळ वर जातात आणि माळवदाच्या तुळयांखाली हातभर जागा सोडून खिडकी संपते. अशा खिडकीला ‘टॉल’ हाच शब्द आहे. मराठीतही ‘उंच खिडकी’ आणि ‘उंचावरची खिडकी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिलीच लिहिली होती, हे आमच्या लक्षात यायला हवे होते.

मात्र सगळीकडे एकच इंग्रजी शब्द हवा होता, हे आपले म्हणणे आम्हाला मान्य करता येत नाही. त्याचे कारण सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आपल्या माहितीपत्रकात एक वाक्य आहे: ‘उंच टेकडीवरचा देवगिरी किल्ला आणि खाली उभा असलेला उंच चांदमिनार पाहून घ्यावा.’ मराठीत हे वाक्य सुरेख आहे. इंग्रजीत मात्र टेकडीला ‘हाय’ आणि मिनाराला ‘टॉल’ लागतो. जी वस्तू रुंदीच्या मानाने पुष्कळ उभी असते आणि आपल्या पायावर सरळ वर जाते, तिला ‘टॉल’ म्हणतात, म्हणून माणूस, झाड, मिनार, कारखान्याचे धुराडे हे सारे ‘टॉल’. डोंगर, तटबंदी, आवारभिंत यांची रुंदी किंवा लांबी मोठी असते, त्यांना ‘हाय’ म्हणतात. शिवाय जमिनीपासून किती वर आहे हे सांगायचे असेल तेव्हाही ‘हाय’च लागतो. चांदमिनार पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला आहे. त्याला कोणी ‘हाय’ म्हटले तरी वाचणाऱ्याला कळेल, पण तो क्षणभर अडखळेल, आणि पाहुण्याला बोलावण्यासाठी लिहिलेल्या कागदावर तो अडखळू नये असे आम्हाला वाटते. ही सीमारेषा सगळीकडे काटेकोर नाही, हेही खरे आहे. इमारतीला दोन्ही शब्द चालतात. अशा ठिकाणी आम्ही कानाला जो सहज वाटला तो घेतला आणि तिथे आपण दुसरा सुचवलात तर आमची हरकत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र सवलत नाही. आपण मोबाईलवर करून आणलेल्या मसुद्यात ‘आजोबा उंचपुरे होते’ या वाक्यात ‘हाय’ शब्द आला होता. आजच्या इंग्रजीत माणूस ‘हाय’ आहे असे म्हटले की तो नशेत आहे असा अर्थ होतो. ज्या आजोबांनी वाडा बांधला त्यांच्याविषयी असे छापले जाणे आम्हाला सहन झाले नसते, म्हणून ते वाक्य आम्ही सर्वांत आधी बदलले.

आपल्या भाच्याने ‘लॉफ्टी’ हा शब्द सगळीकडे घालावा असे सुचवले होते, त्याने वजन येते असे त्याचे म्हणणे होते. शब्द जुना आणि सुंदर आहे. उत्तर युरोपातील ज्या जुन्या भाषेतून तो आला, तिच्यात त्याच्या मूळ शब्दाला आकाश आणि माडी असे दोन्ही अर्थ होते. आज तो उदात्त ध्येयांसाठी आणि काव्यमय वर्णनासाठी वापरतात, आणि माणसाला लावला तर त्यात कधीकधी तोऱ्याची छटा येते. खोलीच्या प्रशस्त, वर गेलेल्या छताला तो शोभतो, म्हणून आपल्या बैठकीच्या छतासाठी आम्ही तो ठेवला. आवारभिंतीला मात्र तो दिला नाही.

सर्वांत जास्त वेळ कैलास लेण्याच्या ओळीने घेतला. आपण लिहिले होते की मागच्या टेकडीवरून उत्तुंग कैलास दिसतो. ‘उत्तुंग’साठी ‘टॉवरिंग’ हा शब्द तयार होता, कारण भोवतालच्या सगळ्यांहून वर चढलेले, पाहणाऱ्याला लहान करून टाकणारे जे असते त्यालाच तो लावतात. पण आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले हे देऊळ वरून खाली खोदत आणलेले आहे. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरून अंगणात उभे राहिले तर सुमारे ३० मीटरचा तो कातळ डोक्यावर येतो आणि तिथे ‘टॉवरिंग’ अगदी बरोबर ठरते. टेकडीवर गेले की तेच शिखर आपल्या पायांच्या पातळीखाली असते. तिथून पाहणाऱ्याला तो शब्द खोटा वाटला असता. म्हणून आम्ही तो शब्द अंगणाच्या वाक्यात नेला आणि टेकडीच्या वाक्यात ‘वरून संपूर्ण देऊळ दिसते’ एवढेच ठेवले. हा बदल आपल्याला आधी कळवायला हवा होता.

तीन दिवसांपैकी एक दिवस जायकवाडीच्या आकड्यात गेला. आपल्या मजकुरात ‘१५२२ फूट उंच धरण’ असे होते. १५२२ फूट ही नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरल्यावरची समुद्रसपाटीपासूनची पाणीपातळी आहे आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज तिचाच हिशेब येतो. धरणाची स्वतःची उंची ४१ मीटरच्या आसपास आहे. इंग्रजीत कोणताही शब्द लावला असता तरी ते वाक्य चुकीचेच राहिले असते, म्हणून आम्ही आपल्याला दोन वेळा फोन केले. आपण तेव्हा शेतात होता आणि त्रासलात, याची आम्हाला कल्पना आहे.

‘उंची हिमरू शाली’ या शब्दांबद्दलही आपण विचारले आहे. इथला ‘उंची’ शब्द उंचीचा नाहीच, तो दर्जाचा आहे. त्यासाठी ‘फाइन’ घेतला.

आता व्यवहाराचे. खिडक्यांचे वाक्य सुधारलेली प्रत आपल्याला पाठवली आहे. चुकीच्या वाक्यासह छापलेल्या पाचशे प्रती बाद करून नव्या पाचशे प्रती छापण्याचा खर्च आमच्याकडे राहील आणि भाषांतराच्या रकमेपैकी निम्मी रक्कम आपल्याला परत मिळेल. यापुढे वास्तूचे वर्णन असलेले कोणतेही काम छायाचित्र पाहिल्याशिवाय हाती घेऊ नये, असे आम्ही केंद्रात ठरवले आहे.

नवी प्रत छापायला देण्याआधी एकच गोष्ट आपल्याकडून कळायला हवी. शेवटच्या परिच्छेदात ‘उंच ओट्यावर बसून जेवण’ असे आहे. हा ओटा अंगणातल्या लिंबाखाली बांधलेला असेल तर आम्ही ‘रेज्ड’ हा शब्द घेऊ, कारण तो जमिनीपासून चढवून बांधलेल्या बैठकीसाठी आहे. पण वाड्याच्या जोत्यालाच आपण ओटा म्हणत असाल तर वाक्याची रचना बदलावी लागेल. शक्य झाल्यास त्याचेही एक छायाचित्र पाठवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
संचालक, भाषांतर व टंकलेखन केंद्र,
छत्रपती संभाजीनगर