स्कोअर सांगा हो कुणीतरी

आमच्या घरातून मैदान दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पूर्वी दिसायचं. मग मध्ये टॉवर उभा राहिला आणि मैदान त्याच्या मागे गेलं. आवाज मात्र टॉवरला वळसा घालून येतो, समोरच्या इमारतीवर आपटतो आणि परत येतो. त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत प्रत्येक षटकार बारा धावांचा असतो.

थंडी पडली की टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. कुठल्या ना कुठल्या भाऊंचा, दादांचा नाहीतर साहेबांचा चषक असतोच. मांडव पडतो, कर्णे बांधले जातात आणि रविवारी सकाळी साडेसातला "हॅलो, माइक चेक, वन टू, वन टू" अशी भूपाळी सुरू होते. या माणसाला तीनपर्यंत मोजता येत नाही हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं.

आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ज्यांच्याकडे करायची त्यांचंच नाव चषकावर असतं. माझं खरं दुखणं वेगळं आहे. दिवसभर अखंड बोलणारा हा समालोचक स्कोअर सांगत नाही.

"मारलाऽऽय... उंच मारलाऽऽय... चेंडू हवेत... आणि आत्ताच आपल्या मैदानावर आगमन झालेलं आहे आमचे मार्गदर्शक, शिक्षणप्रेमी, युवा उद्योजक..." झालं. चेंडू हवेतच राहिला. तो कुणी झेलला, सीमेपार गेला की टॉवरच्या पार्किंगमध्ये कुणाच्या काचेवर पडला, काही पत्ता नाही. उद्योजकांना शाल मिळते, श्रीफळ मिळतं, 'दोन शब्द' बोलायची विनंती होते. ते दोन शब्द साधारण दीड षटक चालतात. मग पांढरी स्विफ्ट गेटसमोरून काढायची असते. लागोपाठ तीन षटकार मारणाऱ्याला पाचशे रुपये जाहीर होतात. हरवलेली चावी सापडते. तेवढ्यात टाळ्या पडतात, भोंगा वाजतो आणि कळतं की सामना संपला. कोण जिंकलं? "दोन्ही संघांचं मनःपूर्वक अभिनंदन!"

मला एक वेळ चालेल, पण वडिलांना चालत नाही. अण्णा रेडिओच्या जमान्यातले. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानात साठवून मोठे झालेले. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला माणूस माइकसमोर बसून मैदान घरात आणून ठेवतो, ही त्यांची समालोचकाची व्याख्या. गॅलरीत खुर्ची टाकून, कानाची वाटी करून ते बसतात आणि दर पाच मिनिटांनी आत बघून विचारतात, "किती झाले रे?" जसं काही मी स्वयंपाकघरात फळा लावून बसलोय. मी म्हणतो, "अण्णा, गल्ली क्रिकेट आहे. कशाला जीव टाकताय?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "सामना कुठलाही असो. ऐकणाऱ्याला धावसंख्या कळलीच पाहिजे. तो काय आंधळा आहे?"

गंमत म्हणजे सगळी सुरुवात आंधळ्यापासूनच झाली. १९२७ साली ट्विकनहॅमला इंग्लंड-वेल्स रग्बीचा सामना बीबीसीने रेडिओवरून सांगायचा ठरवला, तेव्हा टेडी वेकलम या समालोचकाजवळ एका अंध माणसाला नेऊन बसवलं होतं. याला सांग, म्हणजे सगळ्यांना कळेल. घरी ऐकणाऱ्यांसाठी साप्ताहिकात मैदानाचे चौकोन पाडलेला नकाशा छापला होता, म्हणजे चेंडू कुठल्या घरात आहे ते बोट ठेवून बघता यावं. आणि वेकलमच्या डोळ्यांसमोर एक पाटी: शिव्या देऊ नका. आमच्याकडे यातलं काहीच नाही. पाटी तर हवीच होती, विशेषतः संध्याकाळच्या सत्रात.

अमेरिकेत बेसबॉलचं समालोचन करणारे रेड बार्बर समोर वाळूचं घड्याळ ठेवायचे, अंडी उकडायला लावतात तसलं, तीन मिनिटांचं. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा, घड्याळ उलटं करायचं. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडच्या घड्याळातून वाळूच चोरीला जाईल." इंग्लंडचे क्रिकेट समालोचक जॉन आर्लट यांनी १९८० मध्ये लॉर्ड्सवर निवृत्त होताना काय केलं? भाषण नाही, हुंदका नाही. शेवटच्या पाळीच्या शेवटच्या चेंडूनंतर धावसंख्या सांगितली, पुढच्या समालोचकाचं नाव घेतलं आणि उठले. अण्णांच्या मते संतपद यालाच म्हणतात.

न उठणारेही होतेच. मुंबईचे बॉबी तल्यारखान दिवसभर एकटेच बोलायचे. जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर माइक त्यांचा. आकाशवाणीने सोबतीला आणखी माणसं बसवायची ठरवली तेव्हा त्यांनी समालोचन सोडलं, पण माइक वाटून घेतला नाही. हा गुण मात्र आमच्या माणसात पुरेपूर उतरलाय.

टीव्हीवरही आता फारसं बरं नाही. ऑस्ट्रेलियाचे माजी कप्तान आणि समालोचक रिची बेनो म्हणत, चित्रात भर घालता येत असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा. हल्ली तिघं-तिघं बसतात आणि आपण हॉटेलात कुठे काय खाल्लं ते एकमेकांना सांगतात. मात्र कोपऱ्यात स्कोअर लिहिलेला असतो, म्हणून आपण त्यांना क्षमा करतो. आमच्या गॅलरीला कोपरे आहेत, पण त्यांत कुंड्या आहेत.

शेवटी एका रविवारी अण्णांच्या धाकाने मी मैदानावर गेलो. सरळ सांगायचं, बाबा रे, दर षटकाला एकदा आकडा बोल. मांडवात गेलो आणि थक्क झालो. समालोचकाच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता. वहीच्या, सिगारेटच्या पाकिटाच्या, एक तर चक्क लग्नपत्रिकेच्या पाठीवर. प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव आणि त्यापुढे पदव्या. ढीग उडू नये म्हणून त्यावर स्कोअरबुक ठेवलं होतं. बंद. स्कोअर लिहिणारा पोरगा बिचारा ते उघडायला गेला की चिठ्ठ्या उडायच्या, म्हणून तो हातावर पेनाने धावा लिहीत होता. मनगटापर्यंत आला होता.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच होती. मांडवाच्या तोंडाला स्पर्धेचा भलाथोरला फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले सोळा चेहरे. त्यांच्यामागे मैदान. म्हणजे समालोचकाला खेळपट्टी दिसतच नव्हती! एक पोरगं फ्लेक्सच्या कडेला वाकून बघायचं आणि ओरडायचं, "मारला!" की हा माइकवर, "मारलाऽऽय!" पोरगं पुढचं सांगेपर्यंत एखादी चिठ्ठी वाचून घ्यायची. तो चेंडू हवेत का राहतो, याचा उलगडा त्या दिवशी झाला. आम्हा दोघांमध्ये फरक एवढाच, की मी टॉवरमागे बसून ऐकत होतो आणि तो फ्लेक्समागे बसून सांगत होता.

मला वाईट वाटलं. चहाच्या सुट्टीत टपरीवर त्याला गाठलं. तिशीतला पोरगा, गळ्यात मफलर, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. जवळून बोलताना आवाज इतका मऊ की मला पुढे वाकावं लागलं.

"वर्षभर हेच करतोस?"

"छे हो काका. मेपर्यंत क्रिकेट, अधेमधे कबड्डी. मग पाऊस. दहीहंडीला थर मोजतो. गणपतीत विसर्जन, तुळशीच्या लग्नानंतर हळदी. ज्या वर्षी इलेक्शन लागेल त्या वर्षी घराला रंग."

"मग टीव्हीवर प्रयत्न का नाही करत? आता मराठीतही समालोचन असतं."

तो हसला. "तिथं आधी टेस्ट खेळून यावं लागतं."

खोटं नव्हतं. गावसकर, शास्त्री, मांजरेकर, सगळे खेळपट्टीवरून चालत त्या खोलीत गेले. हर्षा भोगलेंसारखा माणूस विरळा, आणि तेही केमिकल इंजिनिअरिंग करून, अहमदाबादच्या आयआयएममधून बाहेर पडून. म्हणजे एकतर बॅट हवी नाहीतर कॅट. याच्याकडे मफलर.

"पण उलटंही होतं," मी त्याला धीर दिला. "२०२३च्या आयपीएलमध्ये आपला केदार जाधव मराठीत समालोचन करत होता. डेव्हिड विली जखमी झाला आणि बंगळुरूने मध्येच याला संघात घेतलं."

"मला पण घेतलं होतं," तो म्हणाला.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका संघाचा अकरावा गडी हळदीला गेला होता, तिथंच राहिला. कप्तानाने याला मैदानात ओढलं. माइक बिनवायरचा. आयोजकांनी बजावलं, तू कुठेही जा, पण आवाज थांबता कामा नये. हा लाँग ऑनला माइक घेऊन उभा राहिला. मला ते षटक आठवलं. मी घरीच होतो, अण्णाही होते, आणि त्या दिवशी आवाजात काहीतरी वेगळं होतं. "गोलंदाज धावत येतोय, डावखुरा आहे... फलंदाज क्रीझच्या बाहेर... मारलाऽऽय... चेंडू उंच, लाँग ऑनच्या दिशेने, तिथं क्षेत्ररक्षक आहे... मीच आहे... उजव्या हातात माइक आहे... चेंडू खाली येतोय... येतोय..." मग मोठ्ठा खट्ट असा आवाज. मग शांतता. मग लांबून कुणाची तरी शिवी, अगदी स्पष्ट. आणि मग धापा टाकत: "झेल सुटलेला आहे. दोन धावा. तीन षटकं संपली, एकतीसला दोन, जिंकायला सहा चेंडूंत चौदा."

अण्णांनी तेव्हा गॅलरीतून आत येऊन मला सांगितलं होतं, "आज कुणीतरी जाणता माणूस बसवलाय."

"मग तसंच सांग ना रोज," मी म्हणालो. "निदान षटक संपलं की धावा."

त्याने ज्येष्ठमध या गालातून त्या गालात नेलं. "काका, प्रॉब्लेम असा आहे. चौकाराला प्रायोजक आहे, षटकाराला आहे. झेलाला मसालेवाले आहेत. नो बॉललासुद्धा एक टायरवाले घेतलेत. धावसंख्येला कोणी नाही. फुकट कशी सांगू? आयोजक ओरडतात."

घरी येऊन हे अण्णांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते उठले, कपाट उघडलं, पेन्शनच्या पाकिटातून पाचशे एक रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "देऊन ये. धावसंख्या माझ्याकडून."

पुढच्या रविवारी साडेसातलाच अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत. पहिलं षटक संपलं. "आणि पहिल्या षटकाअखेर धावसंख्या... जिचे प्रायोजक आहेत आमचे आधारस्तंभ, ज्येष्ठ क्रिकेटप्रेमी, रेल्वेतील सेवानिवृत्त अधिकारी, आपल्या विभागाचे भूषण, सन्माननीय अण्णासाहेब..." अण्णा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही. पदव्या संपल्या तेव्हा दुसऱ्या षटकाचा चौथा चेंडू चालू होता आणि आकडा भोंग्यात बुडाला.

"किती झाले ते कळलं का?" मी विचारलं.

"गप्प बस," अण्णा म्हणाले, "परत सांगतोय तो." दुपारपर्यंत त्यांनी एकदाही स्कोअर विचारला नाही. जेवायला बसल्यावर मात्र वरणात हात थांबवून म्हणाले, "पुढच्या खेपेला हजार एक दे. 'क्रिकेटमहर्षी' घालायचं राहिलं त्याचं."