‘शाळा बंद ठेवल्या म्हणून मुलं वाचली’ हे खरं नाही

साथीची कुठलीही बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरायला लागतो. शाळा उघडणं म्हणजे लेकरांच्या जिवाशी खेळ, कोरोनात बंद ठेवल्या म्हणून तर मुलं वाचली, वर्ष बुडालं तर बुडालं, अभ्यास ऑनलाइनही होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यामागची भीती मला कळते, ती माझ्याही घरात होती. पण यातलं एकेक वाक्य तपासावं लागेल.

आधी ‘बंद होत्या म्हणून वाचली’. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जून-जुलै २०२१ मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्ततपासणी केली. तोवर बहुतेक ठिकाणी प्राथमिकचे वर्ग सव्वा वर्ष भरलेच नव्हते आणि लहानांना लसही नव्हती. तरी ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे कोरोना होऊन गेल्याची खूण, सापडली. विषाणू घरात, गल्लीत, कामावरून परतणाऱ्या आईबापांबरोबर त्यांच्यापर्यंत पोचून गेला होता. मुलं वाचली ती शाळेच्या कुलपामुळे नव्हे, तर या वयात हा आजार बहुतेकांना सौम्यच होतो म्हणून.

‘जिवाशी खेळ’ म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. मूल आजीआजोबांना लागण देऊ शकतं. एप्रिल-मे २०२१ मध्ये खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना, तेव्हा शाळा बंद ठेवणं योग्यच होतं. माझा प्रश्न ऑगस्टचा आहे. १७ ऑगस्टपासून महाराष्ट्रात शाळा उघडण्याचा शासन निर्णय निघाला आणि लगेच स्थगित झाला. १५ ऑगस्टपासून हॉटेलं मात्र रात्री दहापर्यंत सुरू. घरातल्या मोठ्यांना तिथून लागण होत नव्हती का?

आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव जुलैतच म्हणाले होते की उघडायच्याच तर प्राथमिक शाळा आधी उघडा. आपण बरोबर उलटं केलं. मोठे वर्ग आधी, चिमुकले सगळ्यात शेवटी.

ऑनलाइनचं थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे १,४०० गरीब कुटुंबांची पाहणी झाली. त्यातल्या ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी फक्त ८ टक्के. घरातला एकच फोन बाप कामावर घेऊन जातो, हे आम्हा शिक्षकांना पाहणीआधीच माहीत होतं.

आणि ‘एक वर्ष’? जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्ग पाहिला तो १ डिसेंबर २०२१ ला, दुसरीत. जानेवारीत वर्ग पुन्हा बंद. तिसरीत असताना ‘असर’ची, म्हणजे खेड्यांतल्या मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणारी, पाहणी झाली. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचता येणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ उरली. माझ्या तिसरीच्या वर्गात जून २०२२ मध्ये पाठ्यपुस्तक दप्तरातच राहिलं. फळ्यावर मी बाराखडी लिहीत होते, आणि आठ वर्षांची मुलं पेन्सिल कशी धरायची ते शिकत होती.