वाटेवरचं पाणी

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही चाळीस जण केळदला गेलो होतो. वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यातलं, घाटमाथ्याच्या अगदी कडेवर वसलेलं गाव. मढे घाट, उपांड्या घाट या जुन्या वाटा इथूनच खाली कर्णवडीकडे, कोकणात उतरतात. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडाहून उमरठला नेला तो मढे घाटानंच, असं इथली माणसं सांगतात. अशाच एका वाटेवरचा घसाऱ्याचा टप्पा आम्ही श्रमदानानं नीट करायचं ठरवलं होतं. रीतसर परवानगी काढली. दोन दिवस उन्हात राबून बत्तीस पायऱ्या रचल्या, शेवटच्या पायरीवर नारळ फोडला, बॅनर धरून फोटो काढले.

जुलैत परत गेलो तेव्हा बत्तीसातल्या अकरा पायऱ्या जागेवर होत्या. बाकीचे दगड खाली कारवीच्या झाडोऱ्यात जाऊन पडले होते, आणि आम्ही जिथे पायऱ्या केल्या होत्या तिथे गुडघाभर खोल घळ झाली होती. म्हणजे आधी होती त्याहून वाट वाईट करून ठेवली होती आम्ही.

ज्यांच्या अंगणात आम्ही जेवायचो ते आबा सोबत होते. ते बराच वेळ घळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, पायऱ्या झ्याक केल्या तुम्ही. पण पान्यानं कुठनं जायाचं ते त्याला सांगितलंच नाय."

त्या एका वाक्यानंतर मी वाटांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आज हे सगळं लिहितेय कारण पावसाळा तोंडावर आलाय आणि गडकोटांवरच्या श्रमदानाच्या पोस्टींनी माझी भिंत भरून गेलीय. टाकी उपसली, दरवाज्याला फळ्या बसवल्या, तोफेला गाडा केला. चांगलीच कामं आहेत, ती करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या वाटेनं आपण तिथवर जातो, ती वाट कुणाच्याच यादीत नसते.

वाट कशी मरते ते एकदा नीट बघा. सोंडेवरून सरळ चढणारी वाट असली की पावसाचं पाणी तिलाच ओढा समजतं. वरचा मुरूम धुऊन जातो, खाली निसरडं उघडं पडतं. मग आपण काय करतो? मधून पाय घसरतो म्हणून कडेच्या गवतावरून चालतो. गवत मरतं, तिथलाही मुरूम सुटतो, पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. दोन हाताची वाट पाच-सहा वर्षांत बैलगाडी जाईल एवढी रुंद होते आणि तिथे काहीही उगवत नाही. तोरण्याच्या सोंडेवर, राजगडाला गुंजवण्यातून चढताना, हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जाताना हे बघायला वेगळी नजर लागत नाही. नुसतं खाली बघून चाललं तरी दिसतं.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. वाटेवर तिरकी चर काढायची. काटकोनात नाही, तिरकी, म्हणजे पाणी आपटून थांबत नाही, वळून दरीकडच्या बाजूला निघून जातं. चरीच्या खालच्या कडेला दगडांची ओळ बसवायची. दगडाचा मोठा भाग जमिनीत जायला हवा, वर फक्त त्याचं डोकं दिसलं पाहिजे. आमचे पहिले दगड नुसते ठेवलेले होते, बसवलेले नव्हते. बसवलेला दगड कसा ओळखायचा तेही आबांनीच शिकवलं. त्यावर दोन्ही पायांनी उभं राहायचं आणि अंगाचा भार इकडून तिकडे टाकायचा. दगड जरा जरी 'बोलला', खालून टक् असा आवाज आला, तर पहारीनं उचकटायचा, खाली कपच्या ठोकायच्या आणि पुन्हा बसवायचा. एकेका दगडाला कधीकधी अर्धा तास जातो. पहिल्या वर्षी दोन दिवसांत बत्तीस पायऱ्या केल्या होत्या. आता दोन दिवसांत आठ जण मिळून चार चरी करतो, आणि त्या टिकतात.

पण त्या टिकतात त्या दगडामुळे नाही. मोठा पाऊस झाला की चरीत मुरूम आणि पाला येऊन बसतो. तिचं तोंड बुजलं की पाणी वरून उडी मारून पुन्हा वाटेला लागतं. अशा वेळी फावड्याचे चार हात मारले की चर मोकळी होते. पाच मिनिटांचं काम, पण ते जूनमध्ये करावं लागतं, जुलैत करावं लागतं, ऑगस्टमध्ये पुन्हा करावं लागतं. अंगावर इरलं किंवा रेनकोट, पायाला जळवा, समोर धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि फोटोत दाखवण्यासारखं काहीच नाही. मे महिन्यात चाळीस जण येतात. जुलैत आम्ही तिघं असतो. माझं दुखणं ते हे आहे.

पूर्वी हे काम कोण करत होतं? ज्यांना ती वाट लागायची ते. घाटाखाली दिलेल्या लेकी, बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन चढणारी माणसं, गुरं घेऊन फिरणारे धनगर. आबा सांगतात, त्यांचे वडील वाटेनं येता-जाता हातातल्या कोयत्यानं फांदी छाटायचे, पायानं दगड बाजूला सारायचे, ओहोळ तुंबला असेल तर काठीनं मोकळा करायचे. याला कुणी काम म्हणत नव्हतं. नाणेघाटाची फरसबंदी दोन हजार वर्षांनी आजही पायाखाली लागते, ती काय एकदाच बांधून सोडून दिली म्हणून? डांबरी रस्ते झाले, एसटी आली, ओझी गेली. गावाला त्या वाटांची गरज उरली नाही, याचा मला आनंदच आहे. कुणाच्या डोक्यावर ओझं असावं असं मला का वाटेल? पण आता त्या वाटेनं चालतो ते आपण. मग राखणही आपल्याकडेच आली.

"हे सरकारचं काम आहे" असं कुणीतरी कॉमेंटमध्ये लिहीलच. काही काम सरकारचंच आहे. कळसूबाईच्या शिड्या किंवा अवघड कातळावरचे कठडे हौशी माणसांनी लावू नयेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय एक दगडही हलवू नये, आपला हेतू कितीही चांगला असो. पण ठेका निघाला की बहुतेक वेळा सिमेंटच्या पायऱ्या येतात. पाणी त्यांच्या खालून शिरतं, मुरूम काढून नेतं, पायरी पोकळ होते आणि एक दिवस तुटते. मग सळया वर आलेल्या त्या तुकड्यांवरून आपण चालतो. कोणताही ठेकेदार जुलैच्या पावसात पाला काढायला येणार नाही.

1818 मध्ये इंग्रजांनी अलंग आणि मदनच्या कातळपायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. गड मारायचा तर आधी वाट मारावी लागते हे त्यांना पक्कं कळलं होतं. आजही तिथे दोर लावून चढावं लागतं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपल्या वेल्ह्याचा राजगड आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी. पण लगेच मनात आलं, आता पावलं वाढणार. ती वाट कशी सोसणार?

अजून एक सांगायचंय, आणि यावर आमच्यातच मतभेद आहेत. पुण्या-मुंबईहून आलेल्यांनी श्रमदान करावं, पण गावातल्या माणसाकडून श्रमदान मागू नये. ज्याचं पोट रोजावर आहे, त्याचा रविवार आपल्या छंदासाठी फुकट मागायचा हक्क आपल्याला नाही. आम्ही वर्गणी काढतो आणि गावातल्या दोघांना पावसाळ्याचे चार महिने चरी मोकळ्या ठेवण्याची रोजंदारी देतो. दगड त्यांना आपल्यापेक्षा कळतो. आपण त्यांच्या हाताखाली काम करायचं.

आणि जे फक्त चालायला येतात त्यांनी एवढं करा. वळणावळणाच्या वाटेवर दोन वळणांच्या मधून सरळ उतरू नका. वाचतात दोन मिनिटं, पण त्या रेषेतून पहिल्याच पावसात पाणी धावतं. वाळक्या करवंदीचे काटे टाकून कुणी अशी वाट बंद केलेली दिसली तर ते काटे बाजूला सारू नका. ते आम्हीच टाकलेले असतात.

पहिले दोन मोठे पाऊस झाले की लगेचच्या शनिवारी आम्ही केळदला निघतोय. पहाटे पाचला निघायचं, दुपारी जेवण आबांच्या घरी, भाकरी आणि पिठलं. पहार, कुदळ, फावडी आमच्याकडे आहेत. चांगली पकड असलेले बूट आणि भिजले तरी चालतील असे कपडे आणा. गाडीत चार जागा आहेत. येणार असाल तर इनबॉक्समध्ये सांगा, आणि जमलं तर जुलैतही मोकळे आहात का ते त्यातच लिहा.