नोवोत्नाचे अश्रू पुरे, आता तिच्या व्हॉलीबद्दल बोलूया

१९९३ ची विम्बल्डनची बायकांची फायनल, एवढंच म्हणा. समोरचा माणूस टेनिस बघणारा असेल तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली ती नोवोत्नाच ना?" हो, तीच. बक्षीस द्यायला आलेल्या ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेसच्या खांद्यावर. पण त्याआधी दोन तास ती कोर्टवर काय करत होती, हे कुणीच का विचारत नाही?

आमचा ठाण्यातला टेनिसवेड्यांचा एक घोळका आहे. जून-जुलै आला की शनिवारी संध्याकाळी पाचपाखाडीत किंवा नौपाड्यात कुणाच्या तरी घरी जमायचं, जुन्या मॅचेस लावायच्या आणि त्यावर तावातावाने बोलायचं. एक ताई नेरुळहून ट्रान्स-हार्बरने येतात, पाऊस असला तरी येतात. गेल्या काही बैठकांमध्ये मला एक गोष्ट खटकत राहिली, म्हणून हे लिहिते आहे. पुरुषांच्या मॅचेसचा विषय निघाला की आम्ही फटक्यांबद्दल बोलतो. बेकरची डाइव्ह, एडबर्गची बॅकहँड व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच हवेत मारलेला चेंडू), सॅम्प्रसचा सेकंड सर्व्ह. आणि बायकांच्या मॅचेसचा विषय निघाला की सबातिनी किती देखणी होती, सेलेस किती ओरडायची, नोवोत्ना कशी रडली. त्याच घरात, त्याच सोफ्यावर बसलेली तीच माणसं हे बोलतात. त्यात बायकाही असतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तर १९९३. याना नोवोत्ना फायनलला पोचली ती क्वार्टर फायनलमध्ये सबातिनीला आणि सेमीफायनलमध्ये मार्टिना नवरातिलोवाला हरवून. नवरातिलोवाला, विम्बल्डनमध्ये, दोन सरळ सेटमध्ये, ६-४, ६-४! विम्बल्डनची नऊ एकेरी विजेतेपदं जिच्या नावावर, तिला तिच्याच अंगणात तिच्याच पद्धतीने, सर्व्ह करून नेटवर धावत येऊन हरवणं म्हणजे काय, याचा विचार करा. ही मॅच आमच्यापैकी एकालाही पटकन आठवली नाही.

फायनलमध्ये समोर स्टेफी ग्राफ. पहिला सेट ६-६ बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये, म्हणजे निकाल लावणाऱ्या जादा गेममध्ये, ८-६ असा निसटला. दुसरा नोवोत्नाने ६-१ घेतला. ग्राफला गवतावर ६-१! तिसऱ्यात ती ४-१ पुढे होती, सर्व्हिस तिची, स्कोअर ४०-३०. एक पॉइंट आला असता तर ५-१. तिथे डबल फॉल्ट झाला (दोन्ही सर्व्हिस चुकल्या), तो गेम गेला, आणि तो धरून ओळीने पाच गेम स्टेफीचे. ७-६, १-६, ६-४. त्या शेवटच्या पाच गेमांची आणि नंतरच्या रडण्याची चर्चा आजवर चालली आहे. पण त्याआधी दीड सेट ती ज्या धाडसाने पुढे येत होती, स्टेफीच्या फोरहँडला चेंडू मिळूच नये म्हणून बॅकहँडच्या कोपऱ्यात सर्व्ह टाकून कोन कापत होती, ते मी पाहिलेलं गवतावरचं सर्वांत देखणं टेनिस आहे. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. पुरुषांचं धरूनसुद्धा.

हे विधान अनेकांना पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गवतावर टप्पा पडल्यावर चेंडू उसळत नाही, घसरतो. स्लाइस, म्हणजे खालून कापून, मारलेला असेल तर गुडघ्याच्याही खाली राहतो आणि समोरच्याला वाकून तो जमिनीवरून उचलावा लागतो. उचललेला चेंडू वर येतो, आणि वर आलेल्या चेंडूवर नेटजवळची खेळाडू तुटून पडते. गवतावरच्या टेनिसचं सगळं नाट्य या खालच्या टप्प्यातून येतं. नव्वदच्या दशकात पुरुषांची सर्व्हिस इतकी जोरदार झाली होती की हे नाट्य घडायला वेळच मिळत नव्हता. १९९४ ची सॅम्प्रस-इव्हानिसेविच फायनल आठवा: ७-६, ७-६, ६-०. पहिले दोन सेट म्हणजे एस (समोरच्याची रॅकेटही न लागलेली सर्व्हिस), न परतलेली सर्व्हिस, पुन्हा एस. दोघेही महान, पण बघणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? बायकांच्या सामन्यात सर्व्हिस परत यायची. मग स्लाइस, मग अ‍ॅप्रोच, मग पासिंग शॉट (नेटवर आलेलीच्या बाजूने) की लॉब (डोक्यावरून) हा निर्णय, मग व्हॉली. एका पॉइंटमध्ये चार वेगवेगळ्या बुद्धी वापराव्या लागत. गवताने जे जे मागितलं ते सगळं त्या काळात बायकांनी दिलं.

माझी आत्या घंटाळीत राहायची. बँकेत नोकरी, घरी टेनिस. विम्बल्डनच्या फायनलचा स्कोअर ती कालनिर्णयच्या जुलैच्या पानावर त्या शनिवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहून ठेवायची, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी. बायकांची फायनल आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सुरू व्हायची, बाहेर धो धो पाऊस, आणि वीज जाऊ नये म्हणून सगळ्यांचे देव पाण्यात. १९९५ च्या पानावर ८ जुलैच्या चौकोनात तिने स्कोअरखाली लिहिलं होतं, "१३ ड्यूस, एका गेममध्ये."

ज्यांनी तो गेम बघितला त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी सांगते. स्टेफी ग्राफ विरुद्ध अरांता सांचेझ विकारिओ. अरांताने पहिला सेट ६-४ घेतला, स्टेफीने दुसरा ६-१. तिसऱ्यात ५-५. अरांताची सर्व्हिस. आणि तो एक गेम वीस मिनिटं चालला. ३२ पॉइंट, १३ ड्यूस, म्हणजे १३ वेळा ४०-४० ची बरोबरी. अरांताला आठ वेळा गेम पॉइंट मिळाला, आठही वेळा स्टेफीने तो परतवला. शेवटी सहाव्या ब्रेक पॉइंटवर, म्हणजे समोरचीची सर्व्हिस मोडायच्या सहाव्या संधीला, स्टेफीने गेम घेतला आणि पुढचा स्वतःच्या सर्व्हिसवर जिंकून सेट ७-५ असा संपवला.

अरांताला लोक "मातीवरची धावपटू" म्हणून बाजूला टाकतात. हा फार मोठा अन्याय आहे. त्या वीस मिनिटांत ती नुसती मागे उभी राहून चेंडू परत पाठवत नव्हती. पुढे येत होती, लॉब टाकत होती, स्टेफीच्या खालून सरपटत येणाऱ्या स्लाइसखाली रॅकेट घालून चेंडू पुन्हा लाइनवर ठेवत होती. आणि स्टेफी! तो बॅकहँड स्लाइस म्हणजे बचाव, असं अजूनही काही जण म्हणतात. गवतावर तो हल्ला होता. चेंडू इतका खाली ठेवायचा की समोरचीला उचलून द्यावाच लागेल, तोवर स्वतः बॅकहँडच्या कोपऱ्यात सरकून फोरहँड तयार ठेवायचा. आमच्या घोळक्यातल्या नेरुळच्या ताई स्वतः कॉलेजात खेळलेल्या. त्यांनी त्या गेममधला एकेक पॉइंट थांबवून थांबवून आम्हाला दाखवला: स्टेफीचे पाय बघा, रॅकेट नका बघू. खरंच, पाय बघितल्यावर तो गेम वेगळाच दिसतो.

आता आमच्या एका मैत्रिणीचे यजमान, ज्यांना आम्ही सगळ्या भावजी म्हणतो, त्यांचा मुद्दा. ते म्हणतात, "बायकांच्या फायनल एकतर्फी होतात. २०२५ ला श्वियाँतेकने अनिसिमोवाला ६-०, ६-० हरवलं, तासाच्या आत खेळ खल्लास." खरं आहे. २०१९ ला हालेपने सेरेनाला ६-२, ६-२ हरवलं, तेही ५६ मिनिटांत. पण भावजी, हालेपची ती मॅच पुन्हा बघा. सेरेनासारखीचा प्रत्येक जोरदार फटका धावत जाऊन परत करायचा आणि अख्ख्या मॅचमध्ये स्वतःच्या चुका बोटावर मोजण्याएवढ्या ठेवायच्या, यात काय कमी आहे? मॅच किती वेळ चालली यावर तिचं मोल ठरवायचं असेल तर मग १९७० ची घ्या. मार्गारेट कोर्ट विरुद्ध बिली जीन किंग, १४-१२, ११-९. दोनच सेट, ४६ गेम. तेव्हा टायब्रेकर नव्हता. एकीचा घोटा दुखावलेला, दुसरीचा गुडघा, आणि दोघी सर्व्ह करून नेटवर येतच राहिल्या. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६८ ला, विम्बल्डनमध्ये पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड आणि महिला विजेतीला साडेसातशे मिळाले होते. समान बक्षीस यायला २००७ उजाडलं.

आपल्याकडच्यांनाही एक नाव सांगायचं आहे. १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री आणि स्वतः टेनिसपटू. आजोबा शंकर पांडुरंग पंडित. एवढी जवळची गोष्ट, आणि आमच्या बैठकीत तिचं नाव फक्त एका काकांना ठाऊक होतं. सानियाबद्दल मात्र सगळे भरभरून बोलले. २०१५ ची दुहेरीची फायनल, हिंगिस जोडीला, तिसऱ्या सेटमध्ये २-५ मागे, आणि तिथून ७-५. तिथे सानियाचा फोरहँड आठवला सगळ्यांना, म्हणून मला फार बरं वाटलं.

गवत बदललं, हेही मान्य करायला हवं. २००१ पासून विम्बल्डनच्या कोर्टांवर पूर्णपणे राय गवत असतं. त्याआधी सत्तर टक्के राय आणि तीस टक्के फेस्क्यू जातीचं गवत असायचं. कोर्ट जास्त टिकाऊ झालं, खालची जमीन टणक झाली, चेंडू जास्त उसळू लागला. त्यात नव्या रॅकेटा आणि नव्या तारा. नेटवर धावत येणारीला आता पासिंग शॉट सहज बसतो. म्हणून २००६ ची मोरेस्मो-एनाँ फायनल मला जपून ठेवावीशी वाटते. दोघींचा एका हाताचा बॅकहँड, दोघीही संधी मिळाली की नेटवर. मोरेस्मो २-६, ६-३, ६-४. तशी फायनल त्यानंतर बायकांमध्ये मला दिसलेली नाही.

आणि आता ओन्स जाबेर. ट्युनिशियाची ही मुलगी म्हणजे जुन्या गवताची आठवण ठेवून खेळणारी. स्लाइस, ड्रॉप शॉट (नेटपलीकडे अलगद टाकलेला चेंडू), अचानक बदललेला वेग. २०२३ ला तिने क्विटोवाला हरवलं, मग गतविजेत्या रिबाकिनाला, मग पहिला सेट गमावून सबालेंकाला. दोन माजी विजेत्या आणि एक ग्रँड स्लॅम विजेती, एका आठवड्यात. फायनलला वोंद्रूशोवाकडून ६-४, ६-४ हरली आणि रडली. आता फोटो कोणता फिरतो? उपविजेतेपदाची थाळी हातात घेऊन रडतानाचा. तीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा. रिबाकिनाविरुद्धचे ते ड्रॉप शॉट मात्र कुणी पाठवत नाही. नोवोत्नावर झालं ते जाबेरवर होऊ देऊ नका, एवढीच माझी कळकळ आहे.

असं व्हायलाच हवं असं काही नाही, हे आपण इथेच, नवी मुंबईत पाहिलं. २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम. भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्याही रडल्या, आपणही रडलो. पण दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या आवारात मुली कशाबद्दल बोलत होत्या? शफालीच्या ८७ धावांबद्दल, दीप्तीच्या पाच विकेट्सबद्दल, हरमनप्रीतने मागे धावत घेतलेल्या शेवटच्या झेलाबद्दल. एक बारा-तेरा वर्षांची मुलगी तो झेल करून दाखवत होती, पुन्हा पुन्हा. खेळ असा आठवायचा असतो.

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांत आता टेनिस कोर्टं आहेत, सगळी काँक्रीटची किंवा सिंथेटिक. तिथे शिकणाऱ्या मुलींना गवताचं कोर्ट पायाखाली कधी मिळेल न मिळेल. त्यांना दोन हातांचा बॅकहँड शिकवतात, बेसलाइनवर उभं राहायला शिकवतात, आणि त्यात काही चूक नाही, आजचा खेळ तसाच आहे. पण त्यांच्या आयांना, मावश्यांना माझी विनंती आहे. कधीतरी त्यांना १९९३ च्या फायनलचा दुसरा सेट दाखवा. शेवट नका दाखवू. दुसरा सेट दाखवा. आणि मग १९९८ दाखवा. नोवोत्ना, वय २९, आधीच्या दोन फायनल हरलेली. क्वार्टर फायनलला व्हीनसला हरवते, सेमीला हिंगिसला, जिच्याकडून ती आदल्या वर्षी फायनल हरली होती. फायनलला नताली तोझियाला ६-४, ७-६. आणि त्याच विम्बल्डनमध्ये त्याच हिंगिसला जोडीला घेऊन दुहेरीही जिंकते. विम्बल्डनची चार दुहेरी विजेतेपदं आहेत तिच्या नावावर. २०१७ मध्ये, अवघ्या ४९ व्या वर्षी, ती कॅन्सरने गेली, तेव्हाही बहुतेक ठिकाणी बातमीसोबत खांद्यावर डोकं ठेवलेला तोच फोटो होता.

कमेंटमध्ये आठवणी जरूर लिहा, पण प्रत्येकाने एक फटका लिहा. कुणाचा, कुठल्या वर्षी, कुठल्या स्कोअरला. १९९३ च्या नोवोत्ना-नवरातिलोवा सेमीफायनलचं पूर्ण रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर कृपा करून मेसेज करा, आम्हाला ते बघायचंच आहे. माझा फटका मी आधी लिहून ठेवते: २००५ ची फायनल, तिसरा सेट, डेव्हनपोर्ट ५-४ ने पुढे, मॅच पॉइंट तिचा, आणि व्हीनसचा बॅकहँड सरळ लाइनवर. पुढे ती सेट ९-७ ने जिंकली, पावणेतीन तासांनी.