कोकणात बाईकनेच जा

निघण्याआधी गाडीचं सर्व्हिसिंग जरूर करून घ्या. चेन, ब्रेक शू, शॉकअपचे सील, सगळं नवं टाका. खड्ड्यांनाही कोरी वस्तू आवडते, आणि परत आल्यावर नेमकं काय काय गेलं याची यादी मेकॅनिकला देणं सोपं जातं.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मात्र कुरकुर करायची नाही. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा बालवाडीत डबा खाणारी पोरं आता लायसन्स काढून त्याच खडीवर घसरायला लागली आहेत. बापाने घेतलेलं काम मुलाने पुढे न्यायचं, ही आपली जुनी रीत आहे. शिवाय १७ नंबरचा रस्ता मधल्या काळात ६६ नंबरचा झाला. आकडा तरी पुढे सरकला ना?

पण तुम्ही कुठले महामार्गाने जाताय! तुम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार, कारण उजव्या हाताला समुद्र दिसत राहतो असं कुणीतरी सांगितलंय. दिसतो, खोटं नाही. फक्त त्याच्याकडे बघणाऱ्याला पुढचं दिसत नाही.

फोनवरच्या नकाशावर पूर्ण विश्वास ठेवा. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याला तो तुम्हाला पाण्यापाशी आणेल आणि सरळ जायला सांगेल. सरळ सावित्रीची खाडी आहे. पलीकडे वेश्वी, मग बाणकोट. पूल कधी होणार हे कुणाला विचारू नका, उगाच चांगल्या माणसांचा मूड जातो. फेरीबोटीची वाट बघा. बोट लागली की तिची लोखंडी फळी धक्क्यावर आपटते. फळी ओली, धक्क्यावर शेवाळ, वर कुणाच्या तरी टेम्पोतून सांडलेलं डिझेल. इथे पुढचा ब्रेक आवर्जून दाबा. गाडी तुमच्याआधी आडवी होईल आणि बोटीवरचा पोरगा 'पहिल्यात टाका, क्लच सोडू नका' असं ओरडेल. हे त्याने तुम्ही पडण्याआधी ओरडायला हवं होतं, पण तेव्हा तुम्ही समोर धरलेल्या कॅमेऱ्यात बोलत होतात.

पुढे अंजर्ले, हर्णै, मग दाभोळला पुन्हा बोट. पुन्हा फळी.

जांभ्याची लाल बारीक खडी ही मात्र निवांत अनुभवायची चीज आहे. पहिला पाऊस पडून गेला की ती उतारावरून वाहत येऊन नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला जमते. लांबून पाहिलं तर कुणी रांगोळी घालून ठेवली असावी असं वाटतं. त्यावरून टायर जातो तेव्हा आधी काहीच होत नाही, मग हँडल हलकं लागतं, आणि मग तुम्ही कुंपणाच्या निवडुंगाशी बोलत असता. लाल चिखल चेनमध्ये बसला की रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन रविवार घालवायचा. गाडीवर प्रेम असंच वाढतं.

रस्ता कसा आहे, हे गावात विचारू नका. 'बरा आहे' असं उत्तर येईल. कोकणात 'बरा आहे' हे रस्त्याबद्दल आणि अतिदक्षता विभागातल्या काकांबद्दल एकाच सुरात सांगतात.

क्लच वायर चढावरच तुटू द्या, सपाटीवर तुटली तर सांगण्यासारखं काही उरत नाही. गावातला मेकॅनिक भात लावायला गेलेला असेल. तो पायाला चिखल घेऊन येईल, विजेच्या फिटिंगमधला पितळी कनेक्टर वायरच्या टोकाला कसेल आणि म्हणेल, 'जावा आता रत्नागिरीपर्यंत.' किती द्यायचे विचारलंत तर आभाळाकडे बघेल. तुम्ही बूट, गुडघ्याचे पॅड आणि जॅकेटवर किती घातलेत, हे त्याला सांगू नका.

शेवटी एखाद्या चढावर गाडी बंद करून उभे राहा. दम लागलाय असं दिसता कामा नये, दरीकडे बघत असल्याचा भाव ठेवा. तेवढ्यात खालून एक स्कूटी येईल. चालवणाऱ्याच्या दोन पायांत गॅसचा सिलिंडर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आजी, आजीच्या मांडीवर फणस.

'काय झालं, बंद पडली काय?'

'नाही हो. ऑफरोडिंग करतोय.'

'असं असं,' तो म्हणेल. आजी तुमच्या गुडघ्याच्या पॅडकडे बघून हळहळेल, 'फार लागलंय का रे बाळा?' आणि एक हात सिलिंडरवर ठेवून तो वरच्या वळणावरचा खड्डा डावीकडून घेत निघून जाईल.